वारसा पुरून न ठेवणारे आर्देशीर



होड्या बांधणाऱ्याच्या घरातला मुलगा बापाच्या हाताखाली तेच काम शिकतो, हे आपल्या दर्याकाठच्या लोकांना सांगायला नको. मुंबईच्या पारशी वाडिया घराण्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला गोदी उभारण्यासाठी आले. त्यांच्या वंशजांनी सागवानाची भक्कम जहाजे बांधली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे.

याच घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी आर्देशीर कर्सेटजी यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते गोदीत कामाला लागले. मात्र त्यांचे मन शिडापेक्षा वाफेत रमले. पाणी उपसण्यासाठी त्यांनी वाफेचे लहान यंत्र स्वतः तयार केले. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ या छोट्या बोटीत वाफेचे यंत्र बसवले. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवायचा, निघणारा वायू स्वच्छ करायचा आणि नळातून दिव्यापर्यंत न्यायचा, अशी ती त्या काळची विद्या. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले ते १८६५ मध्ये!

मिळालेले ज्ञान त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी येथील तरुणांना यंत्रविद्या व रसायनविद्या शिकवली. वाफेच्या यंत्रांचा अधिक अभ्यास करण्यासाठी १८३९ मध्ये ते इजिप्तमार्गे इंग्लंडला गेले. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्यानंतरचे भारतीय म्हणजे गणितज्ञ रामानुजन. तेही १९१८ मध्ये.

त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी यंत्रशाळेचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. हाताखाली गोरे कामगार! एका इंग्रजी वृत्तपत्राने, गोऱ्यांवर येथला माणूस नेमणे योग्य नाही, असा आक्षेप घेतला. आर्देशीर १८५७ मध्ये निवृत्त होईपर्यंत सेवेत राहिले. पुढे ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंड येथे त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

या जीवनातील एक गोष्ट विचार करायला लावते. वाफ आणि लोखंड यांनीच पुढे सागवानी जहाजांचे दिवस संपवले. म्हणजे ज्या विद्येमुळे घरचा धंदा मागे पडणार होता, तीच विद्या या घरच्या मुलाने आपलीशी केली. सवयीचे काम सोडून पुन्हा विद्यार्थी होणे सोपे नसते. आज आपल्या किनाऱ्यावरही लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या येत आहेत. जुने कसब असलेल्यांच्या मनात तेव्हा भीती दाटते. ती भीती खरी आहे, तिला कोणी हसू नये.

परंतु शुभवर्तमानातील तो दास आठवा. धन्याने सोपवलेले धन त्याने भीतीपोटीच जमिनीत पुरून ठेवले होते. वाडवडिलांचे कसब हीसुद्धा देवाने सोपवलेली ठेव आहे. तिचा मान राखायचा म्हणजे ती जशीच्या तशी कुलूपबंद ठेवायची असे नाही. घरातला मुलगा किंवा मुलगी वेगळे काही शिकू इच्छित असेल, तर या आठवड्यात त्यांचे म्हणणे जरा शांतपणे ऐकून घ्या.

कष्टकऱ्यांचे आश्रयदाते संत योसेफ आपणा सर्वांसाठी विनंती करोत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू