हिंगणघाटला विसावलेला मोजणीदार

गेल्या वर्षी मंडळात सायंकाळची आरती आटोपून प्रसादवाटप चालले होते. तेवढ्यात एका काकांनी मोबाईल पुढे केला. त्यांचा मुलगा मुंबईहून न्यूयॉर्कला निघाला होता आणि पडद्यावर विमानाची वाट कमानीसारखी उत्तरेकडे चढलेली दिसत होती. सरळ पश्चिमेला जायचे सोडून एवढा वळसा कशाला, असा काकांचा प्रश्न. डिप्लोमाला सर्व्हेचा विषय होता म्हणून सर्वांनी आमच्याकडे बोट दाखवले. त्या दिवशी घाईघाईत काहीतरी सांगून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर आणि त्यामागे उभा असलेला एक माणूस, अशी दोन्हींची ओळख या स्मरणिकेच्या निमित्ताने करून देत आहोत.

मोबाईलवरचा नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल आहे. बहुतेक डिजिटल नकाशे मर्केटर यांनी १५६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेले असतात. त्यावर पट्टी ठेवून सरळ रेष ओढली तर ती होकायंत्राचा एकच कोन धरून जाण्याची वाट होते. जहाजाच्या सुकाणूवाल्याला ती सोयीची, पण सर्वांत जवळची नव्हे. घरातल्या चेंडूवर दोन ठिपके काढून दोरा ताणून धरा. दोरा जी वाट घेईल ती जवळची. तिला बृहद्‌वृत्ताची वाट म्हणतात. सपाट नकाशावर हीच वाट वाकडी दिसते. मुंबई ते न्यूयॉर्क एकच दिशा धरून गेले तर अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेने सुमारे १२,५००. म्हणजे काकांच्या मुलाचे विमान वळसा घेत नव्हते, वळसा वाचवत होते.

मात्र दक्षिणोत्तर जाणाऱ्या रेखावृत्तावर या दोन्ही वाटा एकच होतात. दिशाही बदलत नाही आणि अंतरही सर्वांत कमी. अशा एका रेषेवर ज्यांनी आयुष्याची शेवटची २० वर्षे घालवली, ते विल्यम लॅम्बटन.

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एका साध्या शेतकरी कुटुंबातला. ३३ व्या पलटणीतून ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गेले आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कैद झाले. सुटकेनंतर पुढची सुमारे १३ वर्षे कॅनडाकडच्या एका दूरच्या ठाण्यावर बराकींची व्यवस्था पाहण्यात गेली. बढती नाही, ओळखपाळख नाही. त्या एकांतात त्यांनी गणिताची पुस्तके पचवली. हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. आमच्या वयाच्या नोकरदारांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत श्रीरंगपट्टणजवळ एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी अंधारात चालली होती. लॅम्बटन यांनी ताऱ्यांकडे पाहिले आणि तुकडी दक्षिणेऐवजी उत्तरेला, म्हणजे शत्रूच्याच दिशेने निघाल्याचे सांगितले. वरिष्ठांना आधी ते पटले नाही. होकायंत्र पाहिल्यावर मात्र पटले.

लढाई संपताच त्यांनी कंपनी सरकारपुढे योजना ठेवली. सारा द्वीपकल्प त्रिकोणांनी मोजायचा आणि त्यातूनच पृथ्वीचा नेमका आकार काढायचा. कंपनीला नकाशे हवे होते ते राज्य चालवण्यासाठी आणि महसुलासाठी, हे उघड आहे. लॅम्बटन यांचे डोळे मात्र पृथ्वीच्या आकाराकडे लागलेले होते.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पायाची रेषा मोजायला सुरुवात झाली. लांबी सुमारे १२ किलोमीटर. १०० फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, उन्हाने ती किती वाढते हे थर्मामीटरने पाहत, सुमारे ४०० वेळा मांडली. ५७ दिवस लागले. एवढी एक रेषा बिनचूक झाली की पुढे टेकडीवरून टेकडीकडे फक्त कोन मोजायचे आणि बाकीच्या बाजू गणिताने काढायच्या.

त्या त्रिकोणांच्या बाजूही गोल पृथ्वीवरच्या. शाळेत आपण तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश शिकलो, पण जमिनीवरच्या मोठ्या त्रिकोणात ती किंचित जास्त येते. साधारण दर १९७ चौरस किलोमीटरला एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. लॅम्बटन यांच्या हिशेबात एवढासाही फरक धरलेला असे.

कोन मोजण्याचे थिओडोलाइट अर्ध्या टनाचे. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांच्या हाती लागले होते, पण मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने पाठवून दिले. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. लॅम्बटन यांनी दोष कोणाच्या माथी मारत न बसता तंबूत कोंडून घेतले आणि सहा आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले.

मद्रासपासून मंगळूरपर्यंतच्या मोजणीत द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी भरली. जमीन कुठे गेली नव्हती. आधीचे माप चुकले होते. स्वतःचे मापही ते तसेच मान्य करत नसत. बंगळूरजवळ नवी पायारेषा साखळीने मोजून गणिताच्या उत्तराशी ताडून पाहिली, तेव्हा फरक निघाला काही इंचांचा.

पुढे ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास कन्याकुमारीजवळून त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत राहिली. तमिळ, कानडी, तेलुगू मुलूख ओलांडून ती मराठी मुलखाकडे आली. निशाणे धरणारे, साखळी ओढणारे, जंगल तोडणारे शेकडो हात इथलेच होते. तापाने त्यातले किती गेले, त्यांची नावे कोणत्याही नकाशावर नाहीत.

१८१८ मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हाताखाली आले. हैदराबादहून नागपूरकडे ठाणे हलवत असताना, वय सत्तरीच्या आसपास आणि प्रकृती ढासळलेली, अशा अवस्थेत २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला लॅम्बटन यांनी देह ठेवला. त्यांची कबर तिथेच आहे. एव्हरेस्ट यांनी ती रेषा १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेली. जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव एव्हरेस्ट यांचे मिळाले. लॅम्बटन यांचे नाव मोजणीच्या पुस्तकांतच राहिले.

आमच्या बेळगाव-निपाणीकडे बांधाची मोजणी निघाली की दोन्हीकडचे भाऊबंद कागद घेऊन उभे राहतात. प्रत्येकाला आपली रेष सरळ वाटते. नोकरीत अशी भांडणे आम्ही पुष्कळ पाहिली. अशा वेळी लॅम्बटन आठवतात. दुसऱ्याच्या मापाला चूक म्हणण्याआधी त्यांनी स्वतःची साखळी पुन्हा मोजली होती.

मोबाईलवर बेळगाव ते हिंगणघाट अंतर मोजून पाहा. हवाई अंतर ७०० किलोमीटरच्या जवळपास भरेल. एवढ्या अंतरात एकाच दिशेची वाट आणि सर्वांत जवळची वाट यांत फरक पडतो तो काही मीटरांचाच. नागपूरकडे जाणाऱ्यांनी वाटेत तासभर काढून ती कबर पाहावी. काकांच्या मुलाने दिवाळीला आल्यावर तिकडे जायचे ठरवले आहे, आणि सोबत आम्हालाही येण्याचा आग्रह आहे.