पांढऱ्या पडद्याचा ध्यास : दादासाहेब फाळके

खेळासाठी पडदा कोणता घ्यावा, हा प्रश्न आपल्या पिढीला अगदी नवा वाटतो. महाबळेश्वरी पावसाळ्यात धुके दाराशी येऊन बसले, की मुलांच्या गप्पा हटकून व्हिडिओ गेमवर आणि त्यासाठी घ्यायच्या पडद्यावर येतात. पडदा किती इंची असावा, त्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलावे की १४४ वेळा, डोळ्यांना त्रास होईल का, आणि मुख्य म्हणजे पैसे आणायचे कोठून? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जवळजवळ याच प्रश्नांनी एका मराठी माणसाला झपाटले होते. चित्रपटाच्या प्रयोगालाही आपण 'खेळ'च म्हणतो. त्या खेळापायी ज्यांनी विम्याची पॉलिसी, पत्नीचे दागिने आणि स्वतःचे डोळेही पणाला लावले, ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. पण प्लेगने पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्यात छापखान्याचे काम, १९०९ साली छपाईचे तंत्र व यंत्रे यांसाठी जर्मनीचा प्रवास, असे त्यांचे आयुष्य फिरत राहिले. अखेर भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशी गाठलेला हा गुणी माणूस पुन्हा रिकाम्या हाताने उभा राहिला.

अशा पडत्या काळात, १९११ च्या सुमारास, गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. ख्रिस्त पडद्यावर चालतो, तर आपले राम-कृष्ण का चालू नयेत, या विचाराने त्यांना घेरले. दुसरा कोणी असता तर घरी येऊन झोपला असता. दादासाहेबांची झोप मात्र उडाली.

त्यांनी लहानसे यंत्र व काही रिळे मिळविली आणि घरातच खेळ सुरू केला. दिवा म्हणजे मेणबत्ती, पडदा म्हणजे घराची भिंत! मेणबत्तीचा उजेड फिल्मवर व भिंगातून भिंतीवर पाडून ते चित्रे पाहत. यात एक साधे शास्त्र आहे. यंत्रापासून पडदा दुप्पट दूर नेला, की चित्र लांबीरुंदीला दुप्पट होते. पण तोच उजेड चौपट जागेवर पसरतो व चित्र मंद दिसते. म्हणजे पडदा मोठा हवा असेल तर दिवाही तेवढाच प्रखर हवा. नुसत्या इंचांवर भाळणाऱ्यांनी हे आजही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे आणि रात्रीची जागरणे यांचा परिणाम व्हायचा तोच झाला. दादासाहेबांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. काही काळ तर दिसेनासेच झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली खरी. पण चित्रांच्या नादात माणूस डोळेच गमावून बसता, हे विसरता येत नाही. ध्येयवेडाचे कौतुक करताना ही किंमतही सांगितली पाहिजे.

दादासाहेबांनी यंत्र आधी घेतले आणि विद्या नंतर शोधली, असे झाले नाही. आधी पुस्तके, कॅटलॉग, प्रयोग; मग खरेदी. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढले व फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते ओळखपाळख नसताना जाऊन भेटले. कॅबोर्न यांनी आधी या धंद्यातले धोके सांगितले, मग मनापासून मदत केली. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रत्यक्ष काम पाहिल्यावर दादासाहेबांनी विल्यमसन कॅमेरा पसंत केला. कच्ची फिल्म आणि तिच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांचीही मागणी नोंदविली. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत व सेकंदाला साधारण १६ चित्रे घेत. हात अडखळला की पडद्यावरचा माणूसही अडखळे.

परत आल्यावर भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले. महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेतली आणि बीजाचे रोप होताना पडद्यावर काही क्षणांत दाखविले. पैसा उभा राहिला. तोही पुरेना, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. त्या माउलीने रात्री अंधारात फिल्मला भोके पाडली, ती धुतली, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला आणि चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतविण्यासाठी पांढरी चादर धरून भर उन्हात उभ्या राहिल्या.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री न मिळाल्याने ती अण्णा साळुंके यांनी केली, तर रोहिदासाची भूमिका दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र याने. पुढे 'लंकादहन' (१९१७), 'कालियामर्दन' (१९१९) असे चित्रपट गाजले. परंतु १९३१ साली 'आलम आरा'ने पडदा बोलका केला आणि मूकपटांचे दिवस सरले. १९३७ साली त्यांनी कोल्हापुरात 'गंगावतरण' हा बोलपट केला. तोच त्यांचा अखेरचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा वैभव व गाजावाजा मागे पडला होता. त्यांच्या नावाचा शासकीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

आज बाजारात पडद्यांना तोटा नाही. एकापेक्षा एक सरस आहेत. दादासाहेबांपाशी भिंत होती आणि चादर होती. मात्र आपल्याला काय दाखवायचे आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पडदा निवडताना आपणही आधी स्वतःला तेवढे विचारावे, आणि ती चादर धरून उन्हात कोण उभे आहे, तेही पाहावे.