महात्मा फुले आणि एक नवा शब्द



शाळेत तुम्ही ‘इकॉलॉजी’ हा शब्द शिकता. हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने तो १८६६ साली तयार केला. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे घर. सजीवांचे एकमेकांशी आणि हवा, पाणी, माती यांच्याशी असलेले नाते अभ्यासणारे हे शास्त्र. मराठीत त्याला परिस्थितिविज्ञान म्हणतात. पर्यावरण म्हणजे आपल्या भोवतीचे सारे, तर परिस्थितिविज्ञान म्हणजे त्यातल्या नात्यांचा अभ्यास. दोन्ही शब्द एकच समजू नका.

ही नाती आपल्याकडे एका माळ्याच्या मुलाने ओळखली होती. जोतीराव फुले यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराण्याचे आडनाव गोऱ्हे, पण फुलांच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला. हे आपण पाठ करतो. पण १८८३ साली लिहिलेला त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ सहसा कोणी उघडत नाही.

शेतकरी का बुडाला, याचा शोध त्यात आहे. डोंगरावर कुजलेल्या पालापाचोळ्याचा कस पावसाबरोबर शेतात येई. रानात गुरे चरत, त्यांच्या शेणाने जमीन पिके. पुढे इंग्रज सरकारच्या जंगलखात्याने डोंगर आणि गायराने बंद केली. चारा गेला, गुरे घटली, खत आटले, जमीन नापीक झाली आणि शेतकरी कर्जात रुतला. एक दुवा तुटला की साखळीच तुटते, हे जोतीरावांनी दाखवून दिले.

नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. ताली-बंधारे घालावेत, पाणी आधी शेतात मुरावे आणि मग नदीला मिळावे, तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्यावा, गायराने परत द्यावीत, असे उपाय त्यांनी सुचवले. १८८८ साली इंग्लंडच्या राजपुत्राच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले. खरा देश राजपुत्राला दिसावा, हा त्यामागचा हेतू. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले.

आपल्या अल मवालेहच्या जवळच अल खूदचे धरण आहे. ते १९८५ साली बांधले. वादीला पूर आला की पाणी समुद्रात वाया न जाता अडावे आणि जमिनीत मुरावे, एवढ्यासाठीच ते आहे. पुढच्या पावसानंतर आईबाबांबरोबर तिथे गेलात, तर जोतीरावांची आठवण जरूर काढा.