नेव्हिल डिसोझा : मेलबर्नचे तीन गोल

आपल्या संकेतस्थळावर संत, समाजसुधारक आणि स्वातंत्र्यसैनिक यांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. आज एका फुटबॉलपटूची ओळख करून देत आहे. आपल्या दापोऱ्यात किंवा बऱ्हाणपूर परिसरात कोणत्याही मुलाला विचारा, तो दहा क्रिकेटपटूंची नावे सांगेल. नेव्हिल डिसोझा हे नाव मात्र त्याला माहीत नसेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपणच ते नाव कधी सांगितले नाही.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात, म्हापशाजवळच्या आसगाव येथे झाला. तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. पोटापाण्यासाठी हजारो गोवेकर मुंबईला येत. धोबी तलाव भागात त्यांच्या गावोगावच्या 'कुडी' होत्या. गावातून नवा आलेला मुलगा तिथे उतरायचा, नोकरी मिळेपर्यंत राहायचा. या मंडळींनी मुंबईत संगीत आणले, तसाच फुटबॉलही रुजवला. कूपरेज मैदानावर गोमंतकीय प्रेक्षकांची गर्दी ठरलेली असे. नेव्हिल यांची कारकीर्द याच मुंबईत घडली. त्यांचे बंधू डेरेक हेही पुढे भारताकडून खेळले.

त्या काळी आपल्याकडे फुटबॉल हा उघडपणे पैशाचा धंदा नव्हता. आजच्यासारखे करार, लिलाव काही नव्हते. ऑलिंपिकला तर हौशी खेळाडूच चालत. मग खेळाडूने खायचे काय? याचे उत्तर मुंबईत कंपन्यांनी दिले होते. टाटा, कॅलटेक्स अशा कंपन्यांचे स्वतःचे संघ होते. अशा संघातले खेळाडू सहसा कंपनीच्या हजेरीपटावर असत. महिन्याचा पगार हाच त्यांचा आधार. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅलटेक्स या दोन्ही संघांकडून खेळले. १९५४-५५ च्या हंगामात मुंबईने मद्रास येथे सेनादलाला हरवून संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला, त्या संघात नेव्हिल होते. मध्य आघाडीला खेळणारा, गोलच्या तोंडाशी न गडबडणारा खेळाडू अशी त्यांची ख्याती झाली.

मेलबर्नची गोष्ट समजण्यासाठी आधी हेलसिंकीची आठवण ठेवावी लागेल. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला होता. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या पराभवानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांनी प्रशिक्षक म्हणून संघाची नव्याने बांधणी केली. १९५६ मध्ये समर बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली संघ मेलबर्नला गेला. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली आणि उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशीच.

१ डिसेंबर १९५६. नेव्हिल तेव्हा २४ वर्षांचे होते. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. ऑस्ट्रेलियाने मध्यंतरापूर्वी पुन्हा बरोबरी साधली. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात नेव्हिल यांनी तिसरा गोल केला, आणि या वेळी ऑस्ट्रेलियाला उत्तर देता आले नाही. शेवटी किट्टू यांनी चौथा गोल केला. भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले आणि भारत उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई देश ठरला.

उपांत्य सामना पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी होता. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. मध्यंतरानंतर पहिला गोल भारताचा झाला, आणि तोही नेव्हिल यांचा. चार वर्षांपूर्वी दहा गोलांनी चिरडणाऱ्या संघावर आपण काही क्षण आघाडीवर होतो. पुढे युगोस्लाव्हियाने सामना ४-१ असा फिरवला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-० ने हरवले. पदक हुकले. पण नेव्हिल यांच्या नावावर चार गोल होते आणि स्पर्धेत कोणाचेच त्याहून अधिक नव्हते. बल्गेरियाचे मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच यांच्या बरोबरीने ते पहिल्या स्थानावर राहिले.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारत आणि गोवा यांच्यातील सीमा बंद झाली होती. म्हणजे नेव्हिल भारताचा झेंडा घेऊन मेलबर्नला खेळत होते, तेव्हा त्यांच्या जन्मगावावर पोर्तुगालचा झेंडा होता. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, त्या हॅट्ट्रिकनंतर पाच वर्षांनी. गाव आणि देश यांच्यामध्ये सीमा पडणे म्हणजे काय, हे आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी माणसाला थोडेफार कळते. आपली सीमा राज्याची आहे आणि उघडी आहे. त्यांची तशी नव्हती.

मेलबर्नहून परतल्यावर नेव्हिल पुन्हा मुंबईच्या मैदानावर खेळू लागले. १९५८ मध्ये कॅलटेक्सने मोहम्मडन स्पोर्टिंगला हरवून रोव्हर्स चषक जिंकला, तो नेव्हिल यांच्या साथीने. पण १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात त्यांचे नाव नव्हते. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला. मेलबर्नचे त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम आणि थंगराज यांना तो यथावकाश मिळाला, आणि ते तिघेही त्यास पात्र होतेच. नेव्हिल यांना तो कधीच मिळाला नाही. १६ मार्च १९८० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ४७.

फुटबॉलमध्ये बचाव फळीतल्या खेळाडूला लोक विसरतात, असे म्हणतात. त्याने शंभर हल्ले परतवले तरी त्याची नोंद कुठे होत नाही. गोल करणाऱ्याचे नाव मात्र राहते. नेव्हिल यांच्या बाबतीत तेही खरे ठरले नाही. ज्याने देशासाठी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल केले, तोही विसरला गेला.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. आमच्याकडेही खेळाडू म्हणून भरती झालेले सहकारी होते. ते सरावासाठी लवकर निघाले की मागे राहिलेले काम आमच्यावर पडायचे, आणि आम्ही कुरकुर करायचो. मीही करायचो. आज नेव्हिल यांचे चरित्र लिहिताना त्याची लाज वाटते. तो हजेरीपट नसता तर मेलबर्नचे तीन गोलही झाले नसते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. पुढे कॅलटेक्सचे राष्ट्रीयीकरण होऊन ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स चषकही या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. खेळाडूला सांभाळणारी ती मुंबई राहिली नाही.

आपल्या समाजात मुलगा मैदानावर जास्त वेळ राहिला की वडिलांना आधी त्याच्या नोकरीची काळजी वाटते. ती काळजी खोटी नाही, मीही बाप आहे. पण खेळ आणि नोकरी एकत्र सांभाळून या माणसाने देशाला चौथ्या स्थानापर्यंत नेले, हेही मुलांना सांगावे. पुढच्या ऑलिंपिकच्या वेळी घरात टीव्हीसमोर बसाल, तेव्हा नेव्हिल डिसोझा हे नाव एकदा तरी घ्यावे, एवढीच विनंती.