डॉ. मेरी वर्गीस : मज्जारज्जूच्या रुग्णांना घरची वाट दाखविणाऱ्या डॉक्टर

३० जानेवारी १९५४ रोजी तमिळनाडूतील वेल्लोर येथून सहलीसाठी निघालेल्या तरुण डॉक्टरांच्या गाडीला अपघात झाला. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर आदळून ती उलटली. त्या गाडीत डॉ. मेरी वर्गीस होत्या. त्यांच्या चेहऱ्याला मोठी जखम झाली, पाठीच्या कण्याला जबर मार बसला आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते. स्त्रीरोगतज्ज्ञ होण्याच्या दिशेने त्यांची वाटचाल सुरू होती. त्या दिवसाने ती वाट बंद केली.

मेरी वर्गीस यांचा जन्म १९२५ साली कोचीन परिसरात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज निवडले. डॉ. आयडा स्कडर यांनी १९१८ साली मुलींना वैद्यकीय शिक्षण मिळावे म्हणून सुरू केलेल्या शाळेतून ही संस्था वाढली होती. ज्या रुग्णालयात त्या शिकल्या आणि रुग्ण तपासू लागल्या, त्याच रुग्णालयात आता त्यांना रुग्ण म्हणून दाखल व्हावे लागले.

मज्जारज्जू म्हणजे मेंदू आणि शरीर यांच्यामधील संदेशांची वाहिनी. तिला इजा झाली की इजेच्या खालच्या भागातील हालचाल थांबते. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. स्पर्श आणि वेदनेची जाणीव जाते, मलमूत्रावरचे नियंत्रण सुटते. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण दाबली गेलेली त्वचा त्याला सूचना देत असते. ही सूचनाच बंद झाली की एकाच जागी पडून राहिलेल्या शरीरावर दाबव्रण होतात, ते हाडापर्यंत खोल जातात आणि त्यांतून संसर्ग पसरतो. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसल्याने मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात अशी इजा झालेले बहुतेक सैनिक या दोन कारणांनीच दगावत. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडविल रुग्णालयात विशेष विभाग सुरू केल्यानंतर हे चित्र पालटू लागले. ठरावीक वेळाने कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर निगा आणि लवकरात लवकर कामाला लावणे, ही त्या उपचारांची त्रिसूत्री होती. अपघात झाला तेव्हा भारतात मात्र असे उपचार सहज मिळण्याजोगे नव्हते.

पुढचा प्रश्न उपचारांपेक्षा अवघड होता. उभी राहू न शकणारी डॉक्टर रुग्णांच्या काय उपयोगाची, हा तो प्रश्न. त्याला उत्तर मिळाले ते वेल्लोरमधीलच एका शल्यचिकित्सकामुळे. डॉ. पॉल ब्रँड हे कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करीत. निरोगी स्नायूची कंडरा वळवून ती निकामी बोटाला जोडायची आणि हाताला पुन्हा पकड मिळवून द्यायची, असे ते काम होते. हातावरील शस्त्रक्रिया बसूनही करता येते, हे ब्रँड यांनी हेरले आणि वर्गीस यांना त्या कामाकडे वळविले. वर्गीस यांनी चाकाच्या खुर्चीत बसून हाती शस्त्र घेतले आणि कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या.

या कामात दोन आजारांमधील एक साम्य उघड होते. कुष्ठरुग्णाची बोटे आपोआप झडत नाहीत; वेदना कळत नसल्याने भाजणे, कापणे, घासणे या इजांकडे दुर्लक्ष होते आणि बोटे नष्ट होतात, हे ब्रँड यांच्या संशोधनाने दाखवून दिले होते. मज्जारज्जूची इजा झालेल्या माणसाच्या पायांचे आणि बैठकीचेही तेच असते. जाणीव गेलेली त्वचा डोळ्यांनी तपासावी लागते, हातांवर भार देऊन शरीर वारंवार खुर्चीतून उचलावे लागते. रुग्णाला शिकवायची ही शिस्त डॉक्टरला स्वतःलाही रोज पाळावी लागत होती.

पुढे त्या ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे गेल्या. तेथील पुनर्वसन उपचारांतून त्यांना दैनंदिन व्यवहारांत अधिक स्वावलंबी होता आले. त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी न्यूयॉर्क गाठले. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या अनुभवातून पुनर्वसन ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभी करणारे डॉ. हॉवर्ड रस्क तेथे होते. त्यांच्या संस्थेत वर्गीस यांनी या शाखेचे प्रशिक्षण घेतले. परदेशात त्यांना रॅम्प, लिफ्ट, रुंद दारे अशा सोयी वापरायला मिळाल्या. तरीही त्या भारतात परतल्या.

१९६३ साली वेल्लोर येथील भौतिक वैद्यक व पुनर्वसन विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. रुग्णांना दाखल करून घेण्याची सोय असलेला देशातील अशा प्रकारचा हा पहिला विभाग मानला जातो. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, रुग्णांना निवासी राहून शिकता येईल अशी पुनर्वसन संस्था तेथे सुरू झाली. रुग्णालयात रुग्ण बरा होण्याची वाट पाहतो, तर पुनर्वसन संस्थेत तो शिकायला येतो. पलंगावरून खुर्चीत स्वतः कसे उतरावे, मूत्राशय वेळेवर कसे रिकामे करावे, लालसर डाग आरशात पाहून कसा ओळखावा, हातांची ताकद कशी वाढवावी, याचे धडे त्याला गिरवावे लागतात. घरच्या माणसांनाही सोबत शिकावे लागते. कारण दवाखान्यातून सुटका झाल्यावर उंबरठा, विहीर, शौचालय आणि अरुंद गल्ली यांच्याशी झुंज घरच्यांसह द्यावयाची असते.

या इजा ज्यांना होतात त्यांत झाडावरून किंवा बांधकामावरून पडलेले मजूर आणि रस्त्यावरील अपघातांत सापडलेले तरुण मोठ्या संख्येने असतात. घराचा कमावता हातच खाटेला खिळतो. त्यामुळे पुन्हा कमावता येणे हा उपचाराचाच भाग ठरतो. खुर्चीत बसलेल्या डॉक्टरने अशा रुग्णासमोर येणे, याचे मोल कोणत्याही औषधाहून कमी नव्हते. आता बरे वाटेल, अशी पोकळ आशा तेथे नव्हती. पाय परत येणार नाहीत हे मान्य करूनही दिवस कसा भरायचा, याचा जिता दाखला रुग्णाच्या डोळ्यांपुढे होता.

भारत सरकारने १९७२ साली त्यांना पद्मश्रीने गौरविले. याच दशकात, १९७४ मध्ये, जखमी सैनिकांसाठी पुण्याजवळील खडकी येथेही पुनर्वसन केंद्र सुरू झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांत या कामाची गरज ओळखली जाऊ लागली होती. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी वर्गीस यांनी स्वतःच्या पैशांतून एका विश्वस्त निधीचा पाया घातला. अपंग व्यक्तींना व्यवसाय शिकवून पायावर उभे करणे, हा त्याचा हेतू होता. डिसेंबर १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. अपघातानंतर त्या जवळपास ३३ वर्षे जगल्या.

आज शहरांतील मोठ्या रुग्णालयांत कण्यावरील शस्त्रक्रिया तातडीने होते. त्यानंतर मात्र अनेक रुग्णांना महिनोन्‌महिने चालणारे प्रशिक्षण मिळत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी ठरलेला माणूस वर्षभरात दाबव्रणांनी किंवा मूत्रसंसर्गाने पुन्हा दाखल होतो. वेल्लोरच्या संस्थेत शिकून गेलेले रुग्ण ठरावीक काळाने मेळाव्यासाठी पुन्हा एकत्र येतात, तब्येत तपासून घेतात आणि नव्याने इजा झालेल्यांना आपले अनुभव सांगतात. खुर्चीत बसलेल्या एका डॉक्टरने सुरू केलेली ही शिकवणी आता रुग्णच एकमेकांना देत आहेत.