पचमढीचा कॅप्टन आणि दारूचं माप

इंदापूरला शेतीकर्जाचा अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. विहिरीवरच्या मोटारीसाठी दिलेल्या कर्जाची पाहणी करायला मी कडबनवाडीच्या बाजूला एका वस्तीवर गेलो होतो. तिथे भिंतीला टांगलेली एक ठासणीची बंदूक दिसली. पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली. घरातल्या तात्यांनी ती उतरवून दाखवली, आणि तिच्याबरोबर सुती दोऱ्याला बांधलेलं बांबूचं एक पेरही दाखवलं. बंदुकीपेक्षा ते पेरच त्यांना अधिक मोलाचं वाटत होतं. त्यात काठोकाठ भरेल तेवढीच दारू नळीत जायची, कणभर कमी नाही की जास्त नाही.

तरुण वय, साहेब म्हणून मिळणारा मान. मी म्हटलं, मलाही एक बार उडवू द्या. तात्या चिंध्या शोधायला आत गेले तेवढ्यात मी उत्साहाने आणखी अर्धं माप नळीत ओतलं. बांधावर ठेवलेला भोपळा जागचा हलला नाही, माझा खांदा मात्र आठवडाभर काळानिळा राहिला. तात्या रागावले नाहीत. संध्याकाळी चहा पिताना त्यांनी ते माप कुठून आलं ते सांगितलं. शिकारीवर बंदी यायच्या आधी, तरुणपणी, त्यांनी अंदाजाने भरलेल्या बाराने एका चिंकाऱ्याला जखमी केलं होतं. गोळी पोटात लागली. ते जनावर त्या पिवळ्या माळावरून दोन दिवस फिरत राहिलं, आणि तात्या त्याच्या मागे. तिसऱ्या दिवशी घारी दिसल्या. पुढे त्यांनी हरणावर बंदूक उचलली नाही, पण दारूचं माप मात्र कायमचं ठरवून टाकलं.

मला हे सगळं विसरायला झालं असतं. पण काही वर्षांनी बँकेच्या प्रवास-सवलतीवर कुटुंबासह पचमढीला गेलो आणि बायसन लॉज नावाच्या जुन्या बंगल्यासमोर उभा राहिलो. १८६२ साली तो बांधणारा माणूस कोण, याची चौकशी करता करता मी पुन्हा तात्यांच्या मापापाशी येऊन पोचलो.

त्याचं नाव जेम्स फोर्सिथ. जन्म १८३८. इंग्लंडात एम. ए. होऊन हिंदुस्थानात आला. जंगलखात्यात काम केलं, बंगाल स्टाफ कोअरमध्ये कॅप्टन झाला, आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या हाताखाली सातपुड्याची जंगलं पायाखाली घातली. पचमढीचा शोध त्याने १८५७ साली लावला असं तिथले गाईड बिनदिक्कत सांगतात. १८५७ साली हा गृहस्थ एकोणीस वर्षांचा होता. त्याने स्वतः लिहिलेल्या हकीकतीत तो पठारावर पोचतो १८६२ मध्ये. आणि शोध कसला? महादेवाच्या यात्रेला चौरागडावर त्रिशूळ वाहायला जाणारी आपली वऱ्हाडी-नागपुरी माणसं, पठारावर राहणारे कोरकू, यांना पचमढी हरवलेली कधी नव्हतीच.

पण फोर्सिथचं एक काम मात्र खरोखर त्याचं स्वतःचं होतं. ऐन तरुणपणी त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलं. आज हाताने काडतुसं भरणारे परदेशातले हौशी नेमबाज आणि जुन्या बंदुकांचे अभ्यासक त्याला ओळखतात ते या पुस्तकामुळे.

त्या काळी काडतूस दुकानातून आणून घातलं आणि चाप ओढला, असं शिकाऱ्याचं नव्हतं. ज्याची बंदूक त्याचा साचा. शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या, जाड कातडीच्या जनावरासाठी त्यात कथील मिसळून त्या कडक करायच्या, दारू मोजायची, तेलकट चिंधीत गोळी गुंडाळून गजाने ठासायची. थोडक्यात, प्रत्येक बार हा घरचाच.

फोर्सिथला जे कोडं पडलं ते असं. गोळी सरळ जाते हा आपला गैरसमज. गोफणीच्या दगडासारखी तीही नळीतून सुटल्या क्षणापासून खाली यायला लागते. सैनिकाच्या रायफलीवर अंतराच्या खुणा असत. शंभर पावलांवर शत्रू असेल तर ही खूण, तीनशेवर असेल तर ती. मैदानावर हे ठीक. पण बांबूच्या बेटातून रानगवा समोर आला तर तो ऐंशी पावलांवर आहे की दीडशेवर, हे ठरवायला वेळ कुठला? अंदाज चुकला की गोळी छातीऐवजी पोटात. मग ते जनावर कुठेतरी दरीत जाऊन तडफडून मरणार, किंवा उलटून शिकाऱ्याला आणि त्याच्यापेक्षा अधिक वेळा त्याच्या माग काढणाऱ्या गोंड-कोरकू सोबत्याला फाडणार.

तेव्हा गोळीची वाट जास्तीत जास्त सपाट हवी. त्यासाठी वेग हवा, वेगासाठी दारू जास्त हवी. पण दारू वाढवली की दुसरीच अडचण. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री आटे असतात, ते गोळीला गरगर फिरवतात. त्या फिरण्यानेच ती भरकटत नाही. मात्र आट्यांचा पीळ घट्ट असेल आणि मागून जोराचा रेटा बसला, तर मऊ शिसं आट्यांना धरून न फिरता ते ओरबाडत सरळ बाहेर पडतं. नेमाचे तीनतेरा!

फोर्सिथने काय केलं, तर पीळच सैल केला. चौदा नंबरच्या रायफलीला त्याने १०४ इंचांत एक फेरा एवढाच पीळ सुचवला. शिकारी रायफलीची नळी दोन फुटांच्या थोडी वर. म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम पाव फेरा घेणार. एवढ्या कमी फिरकीवर लांबट, टोकदार गोळी स्थिर राहत नाही, ती डगमगते. म्हणून तो जुन्या गोल गोळीकडे परत गेला. गोल गोळीला अशी थोडी फिरकी पुरते. पण गोल गोळी लांबटीपेक्षा हलकी, म्हणून नळी रुंद घेतली. चौदा नंबर म्हणजे एका पौंड शिशात चौदा गोळ्या, एकेक सुमारे ३२ ग्रॅमची. तिच्यामागे पाच ड्राम, म्हणजे जवळजवळ नऊ ग्रॅम दारू. १८५७ साली जिच्या चरबीच्या काडतुसांनी देश पेटला, त्या एन्फील्ड रायफलीत तेवढ्याच वजनाच्या गोळीमागे साडेचार ग्रॅम दारू असे आणि पीळ ७८ इंचांना एक फेरा. तुलना केली म्हणजे या तरुणाने काय उलटापालट केली ते ध्यानात येतं.

यात तोटाही होता. गोल गोळी हवेत लवकर मंदावते, त्यामुळे दूरच्या नेमाला ती निकामी. फोर्सिथने तो तोटा डोळे उघडे ठेवून पत्करला. जंगलात फार लांबून गोळी घालायची वेळ येतेच किती वेळा? बँकेत आम्ही याला तारण बघून कर्ज देणं म्हणायचो. सगळीकडे चालेल असं काही शोधण्यापेक्षा आपल्या गरजेपुरतं पक्कं शोधावं, हे मला त्याचं फार पटतं. आजचे नेमबाजही एका ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत दारू तोलतात, एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि कागदावरची भोकं मोजत बसतात.

त्याची दुसरी बाजू मात्र मला पचत नाही. आत शिरल्यावर फुटणाऱ्या गोळ्यांवरही त्याने हिरिरीने काम केलं. १८६८ साली सेंट पीटर्सबर्गला युरोपातली राष्ट्रं जमली आणि ४०० ग्रॅमपेक्षा हलकी स्फोटक गोळी युद्धात माणसावर वापरायची नाही असा करार झाला. इंग्लंडनेही सही केली. वाघाच्या किंवा गव्याच्या वतीने सही करायला तिथे कोणी नव्हतं. जनावर झटकन मरावं हाच हेतू, असं शिकारी म्हणत. असेलही. पण जनावरं मारण्याची मोजदादही त्याच हातांनी चालली होती.

आणि तरी हा माणूस नुसता बंदूकवाला नव्हता. तो निमाडचा सेटलमेंट ऑफिसर आणि डेप्युटी कमिशनर होता. खांडवा, बुऱ्हाणपूर, असीरगड हा आपल्या खानदेशाला लागून असलेला मुलूख. तिथल्या जमाबंदीचा अहवाल त्याने लिहिला. सातबाऱ्यावर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला त्या कामाचं ओझं कळतं. रेल्वेच्या स्लीपरसाठी सागाची जी बेसुमार तोड झाली तिच्याविषयी त्याने कळकळीने लिहिलं. पचमढीच्या पायथ्याचं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं ते याच काळात. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही तिथे आहे, त्यांनी गोळा केलेली गोंडांची लिंगोची कथा त्याने इंग्रजी पद्यात उतरवली. दृष्टी अर्थातच गोऱ्या साहेबाची. गोंडांना तो लहान मुलं समजतो, हे वाचताना खटकतं. पण मुंगीसुद्धा टिपणारी नजर होती त्याची.

दैव विचित्र. त्याची रायफल गाजते न गाजते तोच मागून भरायच्या बंदुका आल्या, पितळी काडतुसं आली. चिंधी, गज, साचा सगळं अडगळीत गेलं. शतकाअखेर धूर न करणारी दारू आली आणि त्याचे आकडे इतिहासजमा झाले. हे त्याला बघायला मिळालं नाही. १८७१ मध्ये लंडनला तो वारला, वय अवघं तेहतीस. सातपुड्यावरचं त्याचं मोठं पुस्तक त्याच वर्षी निघालं, पण तो गेल्यानंतर.

१९७२ च्या कायद्याने शिकार संपली. फोर्सिथ ज्या दऱ्यांत गव्यांच्या मागे फिरला तिथे १९८१ पासून सातपुडा राष्ट्रीय उद्यान आहे. पचमढीतला फोर्सिथ पॉइंट आता प्रियदर्शिनी पॉइंट म्हणून ओळखला जातो. आम्ही गेलो तेव्हा तिथे मक्याची कणसं भाजून मिळत होती आणि माझ्या मुलीला दरीपेक्षा माकडांचं कौतुक अधिक होतं.

निवृत्तीनंतर बारामतीत घर केलं. मधूनमधून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जातो, चिंकारे दिसतात. परवा इंदापूरला गेलो तेव्हा तात्यांच्या वस्तीवर डोकावलो. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती, ती मुलाने परत आणलीच नाही, परवानाही पुढे वाढवला नाही. बांबूचं ते पेर मात्र खुंटीला होतं. सुनेने त्यात उदबत्त्या ठेवल्या होत्या.