गणवेश नसलेला स्काऊट

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी आमच्या गावची सकाळची एस. टी. आलीच नाही. दुसऱ्या गावापर्यंत चालत जाऊन मिळेल त्या वाहनाने मी कॉलेजात पोहोचलो, तोवर इतिहासाचा तास निम्मा झाला होता. सर रागावले नाहीत. उशिरा आल्याची शिक्षा म्हणून त्यांनी मला वार्षिकासाठी एक चरित्रलेख लिहून आणायला सांगितले. अट एवढीच, की ज्यांच्यावर दरवर्षी लेख येतात अशा थोर पुरुषांपैकी तो नसावा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आईवडील दोघेही दुसऱ्याच्या शेतात रोजगाराला जातात. लेख कसा लिहितात हे घरात कोणाला विचारणार? तरीपण मी होय म्हणालो. नंतर कळले, की ज्याच्यावर लिहायला बसलो त्याचे मोठे कामही अशाच एका शिक्षेतून सुरू झाले होते.

परंतु त्याआधी माझी एक जुनी सल सांगितली पाहिजे. मी सातवीत असताना आमच्या शाळेत स्काऊटचे पथक निघाले. माझे नाव यादीत आले. खाकी चड्डी-शर्ट, टोपी, पट्टा, गळ्यातला स्कार्फ एवढे सगळे घ्यायचे होते. आई मला घेऊन गांधीनगरच्या कापड बाजारात गेली. दोन-तीन दुकानांत तिने भाव विचारला, पदराच्या गाठीतले पैसे मोजले आणि शेवटी धाकट्या बहिणीच्या झग्यापुरते कापड घेऊन आम्ही परतलो. ज्याच्याकडे गणवेश नाही त्याने रांगेत उभे राहायचे नाही, असा शाळेचा नियम होता. मग दर शनिवारी मी कडुलिंबाखाली बसून इतरांची परेड पाहू लागलो.

त्या दिवशी बाजारातून रिकाम्या हाताने आलो तेव्हा आजीने एक नवलाची गोष्ट सांगितली. ते गांधीनगर वसण्यापूर्वी तिथे वळिवड्याची छावणी होती आणि तिच्यात पोलंडची माणसे राहत होती. माझी पणजी तिथे दूध घालायला जायची. गळ्यात रुमाल बांधलेली गोरी मुलेमुली झेंडा घेऊन रांगेने गाणी म्हणत जायची, असे ती आजीला सांगे. घरदार सुटलेली ही मुले परमुलखात परेड कशाला करीत असतील, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. सरांनी लेख सांगितला तेव्हा तोच प्रश्न आठवला. ग्रंथालयात शोध घेताना एक नाव हाती लागले : आंद्झेय माउकोव्स्की. पोलंडमध्ये प्रत्येक स्काऊटला हे नाव माहीत असते. आपल्याकडे ते फारसे कोणी ऐकलेले नाही.

माउकोव्स्कीचा जन्म १८८८ साली त्रेंब्की या खेड्यात झाला. त्या वेळी जगाच्या नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा पोलंडचे लचके तोडून तो संपूर्ण वाटून घेतला होता. रशियाच्या वाट्याला गेलेल्या भागात आंद्झेय जन्मला आणि पुढे ऑस्ट्रियाच्या ताब्यातील ल्वुव शहरात शिकायला गेला. हे शहर आज युक्रेनमध्ये असून त्याला ल्विव्ह म्हणतात. ऑस्ट्रियाच्या राज्यात पोलिश लोकांना त्यातल्या त्यात मोकळीक होती. म्हणून देश स्वतंत्र करण्याची स्वप्ने पाहणारे तरुण तिथे जमत. कोणी व्यायामशाळा काढी, कोणी गुप्तपणे लष्करी कवायत शिकवी, तर कोणी दारू, तंबाखू व जुगार सोडण्याची शपथ घेई. आंद्झेय या तिन्हींत होता. ज्याचे स्वतःवर राज्य नाही तो देशाचे राज्य काय मिळवणार, असा त्याचा विचार होता.

इकडे इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउन्सी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले आणि १९०८ मध्ये स्काऊटिंगवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्याची प्रत ल्वुवच्या तरुणांपर्यंत पोहोचली. आंद्झेय एकदा गुप्त मंडळाच्या कवायतीला उशिरा आला, तेव्हा शिक्षा म्हणून त्याला हे इंग्रजी पुस्तक पोलिश भाषेत आणण्याचे काम देण्यात आले, असे सांगतात. शिक्षा भोगता भोगता तो त्या पुस्तकाच्या प्रेमात पडला. तंबू ठोकणे, माग काढणे, जखम बांधणे, आपले काम आपण करणे आणि दिलेला शब्द पाळणे या साध्या गोष्टींतून गुलाम देशातील मुलगा ताठ मानेचा माणूस होऊ शकेल, हे त्याने ओळखले. १९११ साली त्याचे पुस्तक ल्वुवमध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता.

पुस्तक लिहून तो थांबला नाही. २२ मे १९११ रोजी ल्वुवमध्ये स्काऊटांचे अधिकृत संचालक मंडळ स्थापन झाले आणि पहिली पथके उभी राहिली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला ‘स्काऊट’ नावाचे नियतकालिक निघाले. त्याचा संपादक आंद्झेयच होता. मुलींचे पथक चालवणारी ओल्गा द्राहोनोव्स्का ही त्याची सहकारी. १९१३ मध्ये दोघांचा विवाह झाला.

इंग्रजांकडून घेतलेली गोष्ट पोलिश तरुणांनी जशीच्या तशी ठेवली नाही, हे मला विशेष वाटते. त्यांनी तिला आपले नाव दिले. जुन्या काळी पोलिश सैन्यात लढाई सुरू होण्यापूर्वी एकटा पुढे जाऊन शत्रूला आव्हान देणारा घोडेस्वार असे. त्याला ‘हार्सेश’ म्हणत. त्यावरून चळवळीचे नाव ‘हार्सेर्स्त्वो’ पडले. त्यांच्या अभिवादनाचा अर्थ जागे राहा, असा आहे. दारू व तंबाखूपासून दूर राहणे हा त्यांच्या नियमांचा भाग झाला. इंग्लंडातला स्काऊट साम्राज्याचा चांगला नागरिक होण्यासाठी शिकत होता, तर पोलंडचा स्काऊट अस्तित्वातच नसलेल्या देशाचा नागरिक होण्यासाठी शिकत होता. केवढा हा फरक!

१९१३ च्या जुलैमध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. माउकोव्स्की आपल्या मुलांना घेऊन तिथे गेला. नकाशावर देश नसतानाही ही मुले पोलिश स्काऊट म्हणून पोलंडच्या झेंड्याखाली सहभागी झाली. जगाने जो देश पुसला होता, तो मुलांच्या एका छावणीत काही दिवस का होईना, जिवंत दिसला. त्या अनुभवावर माउकोव्स्कीने पुढे एक पुस्तकही लिहिले.

विवाहानंतर हे जोडपे तात्रा पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या झाकोपाने या गावी राहू लागले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. पोलिश माणसाची अवस्था तेव्हा मोठी विचित्र झाली. तीन राज्यांच्या तीन सैन्यांत पोलिश तरुण भरती झाले होते. ते एकमेकांवरच गोळ्या झाडत होते. माउकोव्स्की प्रथम पोलिश सैन्यदलात गेला, परंतु लवकरच झाकोपानेला परतला. गावातील मोठी माणसे युद्धावर गेल्यामुळे पुष्कळ कामे अडली होती. ती स्काऊट मुलामुलींनी अंगावर घेतली. त्याबरोबर स्वातंत्र्याचे गुप्त कामही चालू होते. ऑस्ट्रियन सरकारला त्याचा सुगावा लागला आणि १९१५ मध्ये त्याला देश सोडावा लागला.

तेथून त्याची भटकंती सुरू झाली. स्वित्झर्लंडमार्गे तो अमेरिकेत गेला आणि तिथे पोट भरण्यासाठी गेलेल्या पोलिश लोकांच्या मुलांत स्काऊटचे काम करू लागला. पुढे कॅनडाच्या सैन्यात भरती होऊन तो फ्रान्सला आला. फ्रान्समध्ये जनरल हालर यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहिले, तेव्हा तो त्यात गेला. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पोलंड स्वतंत्र झाला. १२३ वर्षांनी देश नकाशावर परत आला! त्याच महिन्याच्या आरंभी निरनिराळ्या भागांतील स्काऊट संघटनांनी एकत्र येऊन एकच राष्ट्रीय संघ स्थापन करण्याचे ठरवले होते. ज्या दोन गोष्टींसाठी माउकोव्स्की झटला, त्या दोन्ही एका महिन्यात घडून आल्या.

पण त्या डोळ्यांनी पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा येथे असलेल्या पोलिश सैनिकांकडे कामगिरीवर जाण्यासाठी तो ‘शाविया’ नावाच्या फ्रेंच जहाजात बसला. १९१९ च्या जानेवारीत, १५ व १६ तारखांमधल्या रात्री, इटलीजवळ मेसिनाच्या सामुद्रधुनीत ते जहाज सुरुंगावर आदळून बुडाले. युद्ध संपले होते, पण पाण्यात पेरलेले सुरुंग तसेच राहिले होते. शेकडो उतारूंबरोबर माउकोव्स्कीही गेला. वय फक्त तीस. मागे ओल्गा आणि लहान मुलगा. ओल्गाने दुःख गिळून काम पुढे चालवले. तिने डोंगराळ भागात शाळा चालवली आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये पोलिश मुलांना आसरा दिला. १९६१ मध्ये ती मायदेशी परतली आणि १९७९ साली झाकोपाने येथे वारली.

माणूस गेला तरी त्याने पेरलेले उगवते. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने आणि पाठोपाठ रशियाने पोलंडवर आक्रमण केले, तेव्हा स्काऊट संघ भूमिगत झाला. त्याने ‘करड्या पलटणी’ असे गुप्त नाव घेतले. अंगावर गणवेश नाही, गळ्यात रुमाल नाही, छातीवर बिल्ला नाही. कारण ओळख पटली तर थेट मृत्यू. २६ मार्च १९४३ रोजी वॉर्सात याच तरुणांनी भर रस्त्यात जर्मनांची गाडी अडवून यान बितनार या आपल्या सोबत्याला सोडवले. छळाने जर्जर झालेला यान चार दिवसांनी मरण पावला, पण मरताना तो आपल्या माणसांत होता. १९४४ च्या वॉर्सा उठावात बारा-चौदा वर्षांची स्काऊट मुले गोळीबारातून धावत लोकांची पत्रे पोहोचवीत होती. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कडुलिंबाखालचा तो शनिवार मला आठवला. स्काऊट होण्यासाठी गणवेश लागतोच असे नाही, हे मला त्या दिवशी कळले. सातवीत असताना कोणी हे सांगितले असते तर किती बरे झाले असते!

आता आजीची गोष्ट पुरी करतो. १९४० व १९४१ मध्ये रशियाने लक्षावधी पोलिश लोकांना घराबाहेर काढून सायबेरियात व मध्य आशियात पाठवले. त्यांतील जी वाचली, ती इराणमार्गे निरनिराळ्या देशांत गेली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. छावणीत शाळा होत्या, चर्च होते आणि स्काऊटची पथकेही होती. ही पथके चालवणारे झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की हे रशियाच्या कैदेतून बचावलेले अधिकारी होते. त्यांचे अनेक सोबती कातिनच्या जंगलात मारले गेले होते. पुढे ते धर्मगुरू झाले आणि २००७ साली वारले. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीत उखडले गेलेले सिंधी बांधव वसले आणि गांधीनगर झाले.

म्हणजे पदराच्या गाठीतले पैसे मोजत आई जिथे उभी होती, त्याच मातीवर माउकोव्स्कीच्या चळवळीतली मुले परेड करून गेली होती. त्यांच्याकडे घर नव्हते, बऱ्याच जणांना वडील नव्हते आणि परत जाण्यासारखे गावही उरले नव्हते. तरीही ती रांगेत ताठ उभी राहत होती. ती परेड कशाला करीत होती, याचे उत्तर मला आता मिळाले आहे. आपले सर्व हिरावून घेतले गेले तरी आपण कोण हे विसरायचे नाही, म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन मी पुन्हा गांधीनगरला गेलो. बहिणीच्या शाळेतही आता गाइडचे पथक निघाले आहे. सुट्टीत केलेल्या कामाचे पैसे माझ्या खिशात होते. आम्ही गणवेशाचे कापड घेतले. परत येताना एस. टी. त मी आईला माउकोव्स्कीची सगळी गोष्ट सांगितली. तिला ते नाव काही उच्चारता येईना. पण तो उशिरा आला म्हणून त्याला शिक्षा झाली, हे ऐकून ती हसली आणि त्याच्या गावची एस. टी. पण चुकली असेल, असे म्हणाली.

सर, शिक्षा पुरी झाली. लेख मात्र वेळेवर आणून दिला आहे.